मुलाचं इंग्लंडमधलं घर आणि ठाण्याच्या फ्लॅटवरचं नाव

मुलुंडच्या एका निवृत्त वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतात. मुलगा स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे, सूनही नोकरी करते. भाड्याच्या घराला कंटाळून त्यांनी साडेचार लाख पौंडांचं एक घर पाहिलं आहे. इकडे ठाण्यात घोडबंदर रोडला 2011 च्या दिवाळीत 50 लाखांना घेतलेला फ्लॅट वडील आणि मुलगा अशा दोघांच्या नावावर आहे. आज त्याचे 1 कोटी 20 लाख येतील. पण महिना 30 हजार भाडं येतं, म्हणून तो ठेवावा आणि आपल्या एफडी मोडून मुलाला मदत करावी, असा वडिलांचा विचार आहे. पैसे आपले जाणार, तेव्हा तिकडच्या घरावर आपलंही नाव असावं का, हेही त्यांनी विचारलं आहे. मुलगी डोंबिवलीला असते.

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते: नाव लावू नका. आणि एफडीही मोडू नका, निदान आधी नको. घर रेडिंगला घेतलं जात असलं तरी त्यावर कर किती बसेल, हे बऱ्याच अंशी तुमच्या ठाण्याच्या कागदांवर ठरणार आहे. दादरच्या आमच्या ऑफिसात असे पालक येतात तेव्हा पैसे कसे पाठवायचे, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. मी मात्र आधी विचारते की मुलाचं आणि सुनेचं नाव भारतात कुठल्या कुठल्या घरावर आहे.

त्याचं कारण असं. इंग्लंडमध्ये घर घेताना स्टॅम्प ड्युटी लँड टॅक्स भरावा लागतो. तो टप्प्याटप्प्याने लागतो: पहिल्या 1,25,000 पौंडांवर काही नाही, त्यापुढे 2,50,000 पर्यंत 2 टक्के, आणि त्यापुढे 9,25,000 पर्यंत 5 टक्के. साडेचार लाखांच्या घरावर हा कर 12,500 पौंड होतो. आयुष्यात पहिल्यांदाच घर घेणाऱ्याला सवलत आहे: पहिले 3 लाख पौंड करमुक्त, उरलेल्यावर 5 टक्के, म्हणजे 7,500 पौंड. ही सवलत 5 लाखांपर्यंतच्या घराला मिळते. आता मेख इथे आहे. 'पहिलं घर' याचा अर्थ इंग्लंडमधलं पहिलं घर असा नाही, जगात कुठेही पहिलं. तुमच्या मुलाचं नाव 2011 पासून ठाण्याच्या फ्लॅटवर मालक म्हणून आहे, तेव्हा ही सवलत गेली, आणि फ्लॅट विकला तरी ती परत येत नाही. नवराबायको मिळून घेणार असतील तर सवलतीसाठी दोघांचंही ते पहिलं घर असावं लागतं.

याहून मोठा फटका दुसराच आहे. घर घेतलं त्या दिवशी खरेदीदाराच्या किंवा त्याच्या जोडीदाराच्या मालकीचं जगात कुठेही आणखी एखादं घर असेल आणि त्यातल्या हिश्शाची किंमत 40,000 पौंड किंवा जास्त असेल, तर पूर्ण किमतीवर 5 टक्के ज्यादा कर लागतो. 31 ऑक्टोबर 2024 पासून हा दर 5 टक्के आहे, त्याआधी 3 होता. हिशेबासाठी पौंड 120 रुपयांचा धरू. मुलाचा अर्धा हिस्सा 60 लाखांचा, म्हणजे 50,000 पौंड. मर्यादेच्या वर. म्हणून ठाण्याचा फ्लॅट आहे तसा ठेवून त्यांनी घर घेतलं तर कर 12,500 ऐवजी 35,000 पौंड होतो. फरक 22,500 पौंडांचा, म्हणजे 27 लाख रुपये. ज्या भाड्यासाठी तुम्ही फ्लॅट ठेवू पाहताय, त्या भाड्याची साडेसात वर्षं एका दिवसात गेली.

आणि त्या घरावर तुमचं नाव लावलं तर? तुमच्या मालकीचं मुलुंडचं घर आहेच, त्यामुळे ठाण्याचा फ्लॅट विकून मुलगा मोकळा झाला तरी तुमच्यामुळे ते 5 टक्के पुन्हा लागतात. वर तुम्ही तिकडचे रहिवासी नाही, म्हणून आणखी 2 टक्के. आईवडील आणि मुलं मिळून घेतात तेव्हा एक जरी खरेदीदार अनिवासी असला तरी हा अधिभार पूर्ण किमतीवर बसतो. एकूण 44,000 पौंड. कागदावरच्या एका नावाची किंमत जवळपास 38 लाख रुपये. शिवाय परदेशातली स्थावर मालमत्ता भारतातल्या तुमच्या विवरणपत्रात दरवर्षी दाखवावी लागते. ती दाखवायची राहून गेली तर 2015 च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली 10 लाखांचा दंड होऊ शकतो. लहान रकमेच्या परदेशी खात्यांना आणि शेअर्सना 2024 मध्ये त्या दंडातून सूट मिळाली, घराला नाही.

'इंडियातला फ्लॅट तिकडे कोण बघतंय' असं सांगणारे बरेच भेटतील. त्यांचं ऐकू नका. तिकडचा सॉलिसिटर, म्हणजे घराचा व्यवहार बघणारा वकील, हा प्रश्न लेखी विचारतो आणि मुलगा सही करून उत्तर देतो. त्यातच तुम्ही पाठवलेल्या पैशांचा उगम दाखवायला जो करारनामा आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा) द्याल, त्यावर मुलाचं नाव छापलेलंच असणार. व्हिसावर राहणाऱ्या माणसाने करखात्याला खोटं लिहून देण्यासारखं धोक्याचं काम नाही.

तेव्हा आजच करायचं काम म्हणजे नोंदणीकृत करारनामा आणि इंडेक्स टू काढून बघणं. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर किंवा नॉमिनेशनच्या फॉर्मवर नाव असणं वेगळं आणि करारनाम्यात खरेदीदार असणं वेगळं. मुलगा फक्त नॉमिनी असेल तर तो मालक नाही आणि वरचा सगळा हिशेब तुमच्या बाजूने फिरतो. करारनाम्यात नाव आहे पण सगळे पैसे तुमचेच होते, अशी स्थिती असेल तर तिकडच्या सॉलिसिटरचं लेखी मत घ्या. स्वतःच निष्कर्ष काढून मोकळे होऊ नका. सुनेकडेही हाच प्रश्न विचारा, आणि नीट विचारा, कारण माहेरच्या घरात वारसाहक्काने आलेला हिस्सा मुलींच्या लक्षातच नसतो. वारशाने आलेला हिस्सा निम्मा किंवा त्याहून कमी असेल तर पहिली तीन वर्षं 5 टक्क्यांसाठी तो धरत नाहीत, पण पहिल्या घराची सवलत मात्र त्यानेही जाते.

आता मार्ग दोन आहेत, आणि दोन्हींत तिकडच्या घराचा ताबा मिळायच्या दिवसाआधी मुलगा ठाण्याच्या मालकीतून बाहेर पडलेला असला पाहिजे.

पहिला मार्ग विक्रीचा. मी तुमच्या जागी असते तर हाच निवडला असता, कारण मुलाला लागणारी रक्कम मोठी आहे. पंधरा टक्के डिपॉझिट म्हणजे 67,500 पौंड, वर 12,500 कर आणि सॉलिसिटर, सर्व्हे वगैरे. सगळं मिळून कोटभर रुपये. विक्रीत तुमच्या आणि मुलाच्या हिश्शाला वेगळे नियम लागतात. तुम्ही निवासी आहात आणि फ्लॅट 23 जुलै 2024 च्या आधीचा आहे, म्हणून तुम्हाला 12.5 टक्के साधा कर किंवा महागाई निर्देशांक लावून 20 टक्के, यातलं जे कमी ते निवडता येतं. 2025-26 चा निर्देशांक 376 आणि 2011-12 चा 184, त्यामुळे तुमच्या 25 लाखांच्या खर्चाचे 51 लाख 9 हजार धरले जातात आणि कर साधारण 1 लाख 78 हजार येतो. मुलगा अनिवासी असल्याने त्याला निर्देशांक नाही. 35 लाख नफ्यावर 12.5 टक्के, म्हणजे 4 लाख 37 हजार. दोन्हींवर 4 टक्के सेस. एकाच फ्लॅटचे दोन सारखे हिस्से आणि कर अडीचपट, हे ऐकून माणसं चक्रावतात, पण कायदा तसाच आहे.

खरेदीदार तुमच्या हिश्शातून 1 टक्का टीडीएस कापेल. मुलाच्या हिश्शातून मात्र तो नफ्यावर नव्हे, पूर्ण 60 लाखांवर कापेल: किमान 13 टक्के, म्हणजे 7 लाख 80 हजार, आणि रक्कम 50 लाखांवर गेल्यामुळे बहुतेक खरेदीदार अधिभार धरून त्याहून जास्त. ऐन गरजेच्या वेळी पैसे अडकायला नको असतील तर मुलाने कमी दराच्या टीडीएससाठी आयकर खात्याकडून प्रमाणपत्र घ्यावं. त्याला काही आठवडे लागतात. ग्राहक पक्का झाला की लगेच अर्ज करा, करारनामा झाल्यावर नव्हे. आणि सगळा व्यवहार चेकने करा. रोख घेतलेला एक रुपयाही रेडिंगला पोहोचत नाही.

घर विकून घर घेतलं की भांडवली नफ्यावर कर लागत नाही, असं बहुतेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ते नवं घर भारतात घेतलं तरच. 2014 च्या वित्त कायद्याने परदेशातल्या घरासाठी ही वाट बंद केली आहे. बाँडमध्ये गुंतवून कर वाचवता येईल, पण मग ते पैसे पाच वर्षं अडकतात आणि मुलाला पाठवायला काही उरत नाही.

दुसरा मार्ग तुम्हाला भाडं खरंच हवं असेल तर. मुलाने आपला अर्धा हिस्सा बक्षीसपत्राने तुम्हाला द्यायचा. वडिलांनी मुलाला निवासी घर बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात 200 रुपये मुद्रांक शुल्क आहे. ही सवलत उलट दिशेने मिळत नाही. मुलाने वडिलांना दिलं तर बाजारमूल्यावर टक्क्यांत शुल्क भरावं लागतं, म्हणजे तुमच्या बाबतीत लाखांत खर्च. दुसरा खर्च तिकडचा आहे. इंग्लंडचं करखातं आईवडिलांना दिलेली भेटसुद्धा बाजारभावाने केलेली विक्री समजतं. त्यांचा हिशेब पौंडात होतो. 2011 साली पौंड 75 रुपयांच्या आसपास होता, म्हणजे मुलाच्या 25 लाखांचे 33,300 पौंड, आणि आजचे 60 लाख म्हणजे 50,000 पौंड. नफा 16,700, त्यातले 3,000 माफ, उरलेल्यावर 18 किंवा 24 टक्के. विक्री केली असती तर भारतात भरलेला कर दुहेरी करआकारणी करारामुळे यातून वजा झाला असता आणि बहुधा काही भरावं लागलं नसतं. बक्षीसपत्रात भारतात करच नाही, म्हणून वजा करायलाही काही नाही. मात्र तिकडे जाण्याआधीची सलग दहा वर्षं मुलगा तिथला रहिवासी नसेल आणि त्याची तिथली पहिली चार करवर्षं चालू असतील, तर 6 एप्रिल 2025 पासूनच्या नव्या नियमाने परदेशातल्या नफ्यावर तो माफी मागू शकतो. त्या बदल्यात त्या वर्षाची नेहमीची करमुक्त मर्यादा सोडावी लागते. हे त्याने तिथल्या करसल्लागाराला विचारावं. एवढं सगळं धरूनही हा मार्ग 27 लाखांच्या मानाने स्वस्तच पडतो. पण बक्षीस खरं हवं. त्यानंतर भाडं तुमचं, मालकी तुमची, मुलाचा हक्क नाही.

आता पैसे पाठवण्याविषयी. मुलाने स्वतः तिकडून एनआरई खात्यात (अनिवासींनी परदेशातून आणलेल्या पैशांचं खातं) पाठवलेले पैसे असतील तर ते पहिले वापरा. ते कितीही परत नेता येतात. विक्रीतला त्याचा हिस्सा त्याच्या एनआरओ खात्यात (अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नाचं खातं) जमा व्हायला हवा. तिथून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम सीएच्या प्रमाणपत्रावर बाहेर नेता येते आणि त्यावर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो कर, लागत नाही. मुलगा अजून कॉलेजच्या काळातलं साधं बचत खातंच वापरत असेल, आणि हे फार घरांत आढळतं, तर ते आधी एनआरओ करून घ्या. अनिवासी माणसाला साधं खातं ठेवायची परवानगी नाही.

तुमची मदत लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीममधून जाईल: प्रत्येक निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर. बँकेच्या फॉर्मवर हेतू 'नातेवाइकाला भेट' असा लिहा. घर तुम्ही घेत नाही, तेव्हा परदेशात मालमत्ता खरेदी असं लिहायचं कारण नाही. एका आर्थिक वर्षात एका पॅनवर 10 लाखांच्या पुढे पाठवलं की वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस घेते. हा जास्तीचा कर नव्हे, विवरणपत्र भरलं की वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर अडकतो. म्हणून वेळ जुळत असेल तर मार्च आणि एप्रिलचा उपयोग करा. तुम्ही 10 आणि काकूंनी, म्हणजे तुमच्या पत्नीने, त्यांच्या स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या पॅनवर 10 लाख मार्चअखेरीआधी, आणि पुन्हा तेवढेच 1 एप्रिलनंतर. 40 लाख जातात आणि टीसीएस शून्य. विक्री झाल्यामुळे हे पैसे फ्लॅटच्या तुमच्या हिश्शातून भरून येतील. काकूंनी एफडी मोडून पाठवले तर विक्रीच्या रकमेतून त्यांना तेवढी एफडी पुन्हा करून द्या, त्यांच्याच नावाने. म्हातारपणी दवाखान्याचं बिल एफडीतून भागतं, नातीच्या प्रेमातून नाही, आणि सत्तरीनंतर मुलाकडे पैसे मागायची वेळ आलेल्या सरळमार्गी माणसांचे चेहरे मी पाहिले आहेत.

गृहकर्ज देणारी तिकडची बँक तुम्हा दोघांकडून भेटीचं पत्र मागेल. त्यात असं लिहून द्यावं लागतं की हे पैसे कर्ज नाहीत, परत मागणार नाही, आणि घरात आमचा हिस्सा नाही. सही करण्याआधी दोघांनी बसून ते वाचा आणि मनापासून पटलं तरच करा. कागदावर भेट आणि घरात उसनवारी असा प्रकार करू नका. तो बँकेशी खोटेपणा आहेच, शिवाय सुनेच्या मनात कायमची अढी बसते. परत हवेच असतील तर तसं बँकेला सांगावं, भले कर्ज थोडं कमी मिळो. सॉलिसिटर उगम विचारेल तेव्हा करारनामा, बँकेच्या नोंदी, एफडीच्या पावत्या हे सगळं एका फाइलमध्ये तयार ठेवा.

मुलाकडे लक्ष द्यायच्या गोष्टी मी थोडक्यात सांगते, कारण त्याला तिथे सॉलिसिटर आणि मॉर्गेज ब्रोकर असतील. व्हिसावरच्या माणसाला काही बँका जास्त डिपॉझिट मागतात, तेव्हा घर बघण्याआधी ब्रोकर गाठावा. तिकडे दर दोन किंवा पाच वर्षांसाठी ठरलेला असतो आणि त्या मुदतीत कर्ज फेडलं तर दंड पडतो. बहुतेक बँका वर्षाला 10 टक्क्यांपर्यंत जास्तीची फेड चालवून घेतात. आपल्याकडे फ्लोटिंग दराचं कर्ज बोनस आला की फेडून टाकायची सवय असते, ती तिथे महागात पडते. मुंबईत टोकन दिलं की माणूस शब्दाला बांधला जातो असं आपण मानतो. इंग्लंडमध्ये करारांची अदलाबदल (दोन्ही बाजूंनी सही केलेले करार एकमेकांना देणं) होईपर्यंत विकणारा केव्हाही मागे फिरू शकतो, आणि अदलाबदल झाल्यावर मात्र 10 टक्के रक्कम गुंतलेली असते. म्हणून ठाण्याची विक्री पूर्ण होऊन पैसे हातात येण्याआधी मुलाने अदलाबदलीची तारीख देऊ नये. आपल्याकडच्या तारखा कशा पुढे सरकतात ते तुम्हाला माहीत आहेच. सर्व्हेवर काटकसर नको. तिथली जुनी विटांची घरं बाहेरून देखणी आणि आत ओल धरलेली असू शकतात. फ्लॅट घ्यायचं ठरलं तर लीज किती वर्षं उरलं आहे ते पाहावं. 80 वर्षांच्या आतलं लीज वाढवणं खर्चिक असतं.

व्हिसाचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मनात असेल. कायमच्या वास्तव्याची पाच वर्षांची अट दहावर नेण्याचा प्रस्ताव तिथल्या सरकारने मे 2025 मध्ये मांडला. मुलाने आपल्या बाबतीत काय लागू होतं ते इमिग्रेशन सल्लागाराकडून तपासूनच घराचा पल्ला ठरवावा. उद्या परत यावं लागलं तर घर विकलंच पाहिजे असं नाही. अनिवासी असताना घेतलेली परदेशातली मालमत्ता भारतात परतल्यावरही ठेवायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याची परवानगी आहे. बँकेच्या संमतीने ते भाड्यानेही देता येतं.

राहता राहिली तुमची मुलगी. मुलाला मिळालेली रक्कम तिला आजच सांगा, पैसे जाण्याआधी, आणि तुम्ही स्वतः सांगा. मुलाच्या हिश्शाचे पैसे त्याचेच, पण तुम्ही दोघांनी दिलेले 40 लाख हे तिच्याही आईवडिलांचे आहेत. तिच्यासाठी काय ठेवणार हे मृत्युपत्रात स्पष्ट लिहा: मुलाला अमुक रक्कम हयातीत दिली आहे, म्हणून मुलुंडच्या घरात किंवा एफडीत मुलीचा वाटा इतका. तुमचं वेगळं आणि काकूंचं वेगळं मृत्युपत्र करा. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि ज्यांना काही मिळणार आहे ते किंवा त्यांचे जोडीदार साक्षीदार नकोत. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन करून घ्या.